स्टेट कोर्टात हरलात की फेडरलमध्ये अपील? असं नसतं हो ते

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "अमेरिकेत राज्याचं कोर्ट खालचं, फेडरल कोर्ट वरचं. राज्यात हरलात तर फेडरलमध्ये अपील करा, तिथे हरलात तर सुप्रीम कोर्ट. सुप्रीम कोर्टाने केस घेतलीच नाही, तर त्यांना खालचा निकाल पटला असं समजा. आणि एकदा सुटलात की त्याच गुन्ह्यासाठी परत कोणी हात लावू शकत नाही." वाचायला सोपं आहे म्हणूनच धडाधड फिरतंय, पण चुकीचं आहे.

आधी ते खालचं-वरचं. आपल्या डोक्यात आपली उतरंड फिट बसलेली असते, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, एकच जिना. तिकडे दोन जिने शेजारी शेजारी आहेत. फेडरल म्हणजे केंद्राच्या जिन्यावर 94 डिस्ट्रिक्ट कोर्टं, त्यावर 13 अपील कोर्टं, आणि सगळ्यात वर 9 न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. राज्यांचा जिना वेगळा, प्रत्येकाचा आपापला. राज्याच्या कोर्टात हरलेला माणूस त्याच राज्याच्या अपील कोर्टात जातो. (नावांवर जाऊ नका, न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' म्हणजे चक्क ट्रायल कोर्ट, खटला पहिल्यांदा चालतो ते!) राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा, वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट त्यात फक्त फेडरल कायद्याचा किंवा देशाच्या राज्यघटनेचा मुद्दा असेल तरच पडतं. राज्याच्या तुरुंगातला कैदी हेबियस कॉर्पस (मला बेकायदा डांबलंय, अशी तक्रार) घेऊन फेडरल कोर्टात जाऊ शकतो हे खरं, पण ते अपील नाही, वेगळा अर्ज आहे.

मग फेडरल कोर्टात जातं कोण? मुख्य दरवाजे दोन. एक, वाद फेडरल कायद्याचा असेल तर. दुसरा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या असतील आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल तर. आणि या दुसऱ्या दरवाज्याने आत गेलात म्हणून कायदा बदलत नाही, हे टॉम्पकिन्स नावाच्या माणसाला फार महागात पडलं. 1934 साली पेनसिल्व्हेनियात तो रात्री रुळांशेजारच्या पायवाटेने घरी चालला होता, मालगाडीतून बाहेर आलेलं काहीतरी, बहुतेक उघडं दार, त्याला लागलं आणि त्याचा उजवा हात गेला. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने तो रेल्वेच्या जागेत घुसलेला ठरला असता, म्हणजे भरपाई जवळपास अशक्य. रेल्वे कंपनी, तिचं नाव ईरी, न्यूयॉर्कची, म्हणून वकिलांनी केस तिथल्या फेडरल कोर्टात टाकली, कारण तेव्हा फेडरल जज अशा बाबतीत राज्यांच्या निकालांना बांधील नसायचे, स्वतःचा 'सर्वसाधारण कायदा' लावायचे. ज्युरीने 30,000 डॉलर दिले. आणि 1938 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पद्धतच मोडीत काढली, म्हणाले असा फेडरल सर्वसाधारण कायदा नसतोच, राज्याचा कायदा लावा. पैसे गेले. आजही तिथे लॉच्या पहिल्या वर्षाला सगळे 'ईरी' शिकतात ते हेच.

केस घेतली नाही म्हणजे निकाल पटला, हे तर साफ चूक. 1925 च्या कायद्यापासून कुठली केस ऐकायची हे बहुतांशी सुप्रीम कोर्टच ठरवतं. दरवर्षी हजारो अर्ज येतात, ऐकतात साधारण साठ-सत्तर, नऊपैकी चौघांनी हो म्हटलं तर. 'सर्टिओरारी नाकारली' (म्हणजे केस ऐकायला घेत नाही) या एका ओळीत खालचा निकाल बरोबर की चूक याबद्दल काहीच म्हटलेलं नसतं. कित्येकदा दोन अपील कोर्टांची मतं एकमेकांविरुद्ध जाईपर्यंत ते नुसते थांबतात.

राहिला तो 'परत हात लावू शकत नाही'वाला मुद्दा. एकाच सरकारने परत खटला भरायचा नाही, एवढंच ते संरक्षण आहे. राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सरकारं, म्हणून दोघांचे कायदे मोडले तर दोघंही खटला भरू शकतात, मग पहिल्यात तुम्ही सुटलेले असा की शिक्षा झालेले. अलाबामातल्या गॅम्बलला बंदूक बाळगल्याबद्दल राज्याने शिक्षा केली आणि त्याच बंदुकीसाठी केंद्रानेही केली, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 ने ते चालतं म्हणून सांगितलं. याच कारणाने राष्ट्राध्यक्षांची माफी राज्याने दिलेल्या शिक्षेला लागू होत नाही, तिथे त्या राज्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो.