पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा!

एक ऑगस्ट, म्हणजे टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, कशी साजरी करावी हे ज्यांना अजून जमत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. आमच्या कॉलनीत हा सोहळा नुकताच यथासांग पार पडला, त्यामुळे अनुभव अगदी ताजा आहे.

सुरुवात मोबाइलपासून करावी. सकाळी सहाच्या आत 'लोकमान्य टिळक पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा' सगळ्या ग्रुपवर गेल्याच पाहिजेत. चित्रात गुलाब आणि वाफाळता चहा हवाच. माणूस गेल्याच्या दिवशी शुभेच्छा कसल्या, असं विचारणारा एखादा खवट म्हातारा प्रत्येक ग्रुपवर असतो. त्याला हात जोडलेली इमोजी पाठवा, गप्प बसतो.

जयंती की पुण्यतिथी याचा घोळ होत असेल तर 'विनम्र अभिवादन' लिहून मोकळे व्हा. अण्णाभाऊंची पुण्यतिथी १८ जुलैला, टिळकांची जयंती २३ जुलैला. म्हणजे पंधरवड्यात तेच चित्र तीनदा खपतं.

मग 'आजचा दिनविशेष' टाका. यादी जितकी लांब, तितके तुम्ही विद्वान. १७७४ मध्ये प्रीस्टलीने प्राणवायू शोधला, १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली, १९१३ मध्ये भगवानदादा जन्मले, १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, १९२० मध्ये टिळक गेले, अण्णाभाऊ जन्मले आणि गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं. सगळं एका दमात, एकाच मापाने. वाचायचं कुणालाच नसतं. (प्राणवायूखाली मात्र 'आपल्या ऋषीमुनींना हे आधीच ठाऊक होतं' असं कुणीतरी लिहितोच. ती काळजी तुम्ही करू नका.)

याच दिवशी महसूल दिनही असतो. तलाठ्याकडे काम अडलं असेल तर शुभेच्छा दोनदा द्या.

आता मुख्य कार्यक्रम. एक टेबल, एक सतरंजी, दोन फोटो. पाहुणा एकच बोलवा, दोघांवर तोच बोलतो. दोन हारांपैकी एक मोठा निघाला, तर तो कुणाच्या फोटोला घालायचा हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वेळ नऊची द्या, पाहुणे पावणेअकराला येतात. तोवर पोरांना गणवेशात बसवून ठेवा, शिस्त लागते. पाहुणे आले की आधी पाहुण्यांचाच सत्कार करा. शाल, श्रीफळ, परिचय. परिचय टिळकांपेक्षा लांब हवा.

भाषणात टिळकांना शेंगांच्या टरफलांपाशी सोडावं आणि अण्णाभाऊंना दीड दिवसाच्या शाळेपाशी. दीडच दिवस का, मातंग घरातल्या त्या पोराला शाळेने कसं वागवलं, हे काढू नये. वातावरण बिघडतं. टिळकांनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला, असं पाहुणे ठोकून देतील, टाळ्या वाजवा. ते मुंबईत सरदारगृहात गेले आणि त्यांचं दहन गिरगाव चौपाटीवर झालं, हे कुजबुजायचीही गरज नाही. शेवटी ते वाक्य येणारच: "एक सूर्य मावळला आणि त्याच दिवशी दुसरा उगवला!"

अहो, कसला सूर्य? त्या दोन माणसांना जोडणारं काही खरंखुरं सांगता येत नाही का? १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. गोळीबारात माणसं मेली. पुढे त्याच गिरण्यांच्या मुंबईत वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी आलेला अण्णाभाऊ नावाचा एक मुलगा गिरणीत राबला, शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकात उभा राहिला, संयुक्त महाराष्ट्रासाठी गायला. तारखेचा योगायोग सोडा, धागा हा आहे! आणि जे जुळत नाही तेही सांगा की. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या कायद्याला टिळकांचा विरोध होता, मुलींच्या शिक्षणाबद्दल 'केसरी'त काय काय छापून यायचं, आणि अण्णाभाऊंच्या कथांतल्या बायका कशा ताठ उभ्या राहतात. एवढं बोलायला फोटो पुरत नाही, वाचावं लागतं. हाराच्या पावतीपेक्षा लांब मजकूर तुम्ही शेवटचा कधी वाचला होतात?

सातवीतल्या एका मुलीने अण्णाभाऊंवर पोवाडा बसवला होता. पावसाळी हवेने कातडं सैल पडू नये म्हणून डफ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, आणि पावणेदोन तास तो मांडीवर धरून बसली होती. तिची वेळ आली तेव्हा पाहुण्यांना पुढच्या चौकात दुसरे हार घालायचे होते. "बाळा, दोन ओळी म्हण आणि फोटोला ये." त्या दोन ओळीही कुणी ऐकल्या नाहीत, कारण तोवर वडे आले होते.

लाज कशी वाटत नाही? पोवाडा रचून गावोगाव लोक जागे करणाऱ्या माणसाच्या जयंतीला पोवाड्यालाच वेळ नाही! आणि यात पाहुणे एकटे दोषी नाहीत. तिथे खुर्च्यांवर बसलेला, वड्यासाठी उठलेला प्रत्येक जण दोषी आहे. सकाळी शुभेच्छा ढकलणारे, यादी न वाचता पुढे पाठवणारे तुम्हीच. त्या दिवशी सुट्टी नसते. जमत नसेल तर सरळ कामाला जा. आणि कार्यक्रम करायचाच असेल तर पोरांना आधी उभं करा. पाहुण्यांना शेवटची दोन मिनिटं द्या, उरली तर.