मनिलातील प्रेमकथा, इंग्रजी भाषा आणि स्वतंत्र लेखिका : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मीना व्ही. एस्गेरा या फिलिपिनो लेखिकेवरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : प्रकाशकांनी परत पाठवलेले लेखकच स्वतःची पुस्तके इंटरनेटवर विकतात, देशाची स्वतःची भाषा असताना इंग्रजीत प्रेमकथा लिहिणे ही अमेरिकन पुस्तकांची नक्कल आहे, आणि शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असलेल्या कथेवर इतका मजकूर खर्च करण्याचे कारण नव्हते. ‘आपल्याकडेही काकोडकर होऊन गेले, त्यांची गणना कोणी साहित्यात करते का?’ असेही आपण लोकप्रिय मराठी कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांविषयी विचारले आहे. यांतील एका मुद्द्याशी मी बरीचशी सहमत आहे, पण बाकीच्यांवर मला मनापासून वेगळे सांगायचे आहे.

भाषेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. ऑगस्ट 1901 मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि इंग्रजी ही तिथल्या सार्वजनिक शिक्षणाची भाषा झाली. हा वसाहतीचा वारसा आहे, यात वाद नाही. परंतु 1946 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही ती भाषा गेली नाही, आणि 1987 च्या राज्यघटनेने फिलिपिनोला राष्ट्रभाषेचे स्थान देताना अधिकृत भाषा म्हणून फिलिपिनो आणि इंग्रजी अशा दोन्ही ठेवल्या. या फिलिपिनो भाषेचा पाया तागालोग आहे, म्हणजे मनिला आणि तिच्या आसपासच्या प्रदेशाची बोली. सेबू बेटावरील मुलगी घरी सेबुआनो बोलते, मनिला ज्या लुझॉन बेटावर आहे त्याच्या उत्तर भागातील मुलगी इलोकानो बोलते, आणि या दोघींना तागालोग बऱ्याच अंशी शाळेतून आणि दूरचित्रवाणीवरून मिळते, जवळजवळ इंग्रजीसारखीच. तेव्हा ‘स्वतःची भाषा सोडली’ असे म्हणताना आपण त्या देशाला एकच मातृभाषा आहे असे गृहीत धरता. महाराष्ट्रात बसून तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी तिथली परिस्थिती तशी नाही.

शिवाय तागालोगमध्ये प्रेमकथांची उणीव कधीच नव्हती. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे तागालोग प्रेमकथांच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या निघू लागल्या. पुढे ‘प्रेशस हार्ट्स रोमान्सेस’ या मालिकेने तो बाजार इतका वाढवला की 2008 पासून एबीएस-सीबीएन वाहिनीने त्याच नावाखाली दूरचित्रवाणी मालिका सुरू केल्या. वॉटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर किशोरवयीन मुलींनी मोबाइलवर वाचलेल्या तागालोग कथांवर 2014 मध्ये चित्रपट आले. उणीव होती ती दुसरीकडे. इंग्रजीत वाचणारी, मनिलातील कार्यालयात नोकरी करणारी तरुणी जेव्हा प्रेमकथा उचलत असे, तेव्हा तिच्या हाती बहुधा न्यूयॉर्क किंवा लंडनची नायिका येत असे. तिच्यासारखी रोज वाहतूककोंडीत अडकणारी, पगारातून घरी पैसे देणारी आणि रविवारच्या जेवणाला मावश्यांच्या लग्नाविषयीच्या प्रश्नांना तोंड देणारी नायिका त्या पुस्तकांत नव्हती. एस्गेरा यांचे लेखन या रिकाम्या जागेत उभे आहे. नक्कलच करायची असती तर त्यांनी नायिकेला मनिलात ठेवण्याची गरज नव्हती.

त्या वाचनाची आर्थिक बाजूही पाहावी लागेल. आयात पुस्तके महाग, त्यामुळे तिथला वाचक ‘बुकसेल’सारख्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अमेरिकेत वाचून टाकून दिलेल्या प्रती शोधत आला. 2009 च्या सुरुवातीला तर सीमाशुल्क खात्याने आयात पुस्तकांवर कर मागितला, खेपा अडकून पडल्या, आणि असा कर पुस्तकांच्या करमुक्त आयातीसाठी असलेल्या युनेस्कोच्या फ्लॉरेन्स कराराच्या विरुद्ध आहे असे वाचकांनी व लेखकांनी ठणकावून सांगितल्यावर मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापागाल-आरोयो यांच्या आदेशाने तो उठला. कोणत्या देशाची पुस्तके कोणत्या किमतीला हाती येतील हे असे बंदरावर ठरत असेल, तर आपल्याच शहरात लिहिलेल्या प्रेमकथेला वाङ्मयाबाहेरचेही एक महत्त्व येते.

आता ‘प्रकाशकांनी परत पाठवलेले’ या शब्दांकडे. एस्गेरा यांची पहिली छोटी कादंबरी 2009 मध्ये समिट बुक्स या मनिलातील प्रस्थापित प्रकाशनसंस्थेने काढली. 2010 मध्ये त्यांनी दुसरी कथा स्वतः किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या मंचावर आणली, आणि त्यानंतरही त्यांची काही पुस्तके समिटकडून निघत राहिली. म्हणजे प्रकाशकाचे दार उघडे असतानाच त्यांनी दुसरी वाट धरली. ती वाट सोपी आहे असे आपल्याला वाटते, म्हणून तिचा हिशेब सांगते. किंडलवर लेखकाला किमतीचा 70 टक्के वाटा हवा असेल, तर ई-पुस्तकाची किंमत 2.99 ते 9.99 डॉलरच्या दरम्यान ठेवावी लागते. त्याहून स्वस्त ठेवले की वाटा 35 टक्क्यांवर येतो. जुलै 2025 च्या दराने 2.99 डॉलर म्हणजे सुमारे 170 पेसो (फिलिपिन्सचे चलन), आणि महानगर मनिलातील किमान दैनिक वेतन त्याच महिन्यात 695 पेसो झाले. म्हणजे परदेशी वाचकाला किरकोळ वाटणारी किंमत घरच्या वाचकाकडून दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा मागते, आणि त्याच्यासाठी किंमत उतरवली तर लेखिकेचा वाटा अर्ध्यावर येतो. हा निर्णय एरवी प्रकाशक घेतो. स्वतंत्र लेखिकेला तो प्रत्येक पुस्तकाच्या वेळी स्वतः घ्यावा लागतो.

मुखपृष्ठाचेही तसेच. छायाचित्रे विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांवर गोऱ्या जोडप्यांची चित्रे हवी तितकी मिळतात. फिलिपिनो जोडप्यांची मिळत नाहीत. म्हणून या लेखिकांनी स्थानिक नट-नट्यांना आणि मॉडेल्सना बोलावून स्वतःच छायाचित्रणाची सत्रे भरवली आणि पुस्तकाच्या आत जी माणसे आहेत तशीच माणसे मुखपृष्ठावर आणली. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामातील ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण प्रेमकथेच्या मुखपृष्ठावर कोण शोभते याविषयीची समजूत आपल्या मनात किती खोल गेली आहे, हे तिने उघड केले.

मी ‘या लेखिकांनी’ असे अनेकवचन वापरले, ते जाणीवपूर्वक. 2013 मध्ये एस्गेरा यांनी इंटरनेटवर प्रेमकथा लिहिण्याचा एक वर्ग सुरू केला आणि त्यातून ‘रोमान्सक्लास’ हा इंग्रजीत लिहिणाऱ्या फिलिपिनो लेखकांचा समूह उभा राहिला. समूहाच्या स्वतःच्या परिचयानुसार ऐंशीहून अधिक लेखकांची शंभरहून अधिक पुस्तके त्यातून घडली आहेत. समूहातील लोक एकमेकांची हस्तलिखिते वाचतात, व्यावसायिक संपादन होते, आणि वाचकांच्या मेळाव्यांत रंगभूमीवरचे नट पुस्तकांतील प्रसंग मोठ्याने वाचून दाखवतात. ‘स्वयंप्रकाशित म्हणजे संपादनाविना’ हे समीकरण निदान इथे लागू पडत नाही. एस्गेरा यांची पदव्युत्तर पदवी विकास-संवाद या विषयातली आहे, आणि त्या विद्याशाखेची पायाभरणी 1970 च्या दशकाच्या आरंभी मनिलाजवळील लॉस बान्योस येथे नोरा केब्राल या फिलिपिनो अभ्यासिकेने केली होती. लोकांना माहिती देऊन थांबायचे नाही, त्यांना स्वतः काम करण्याची ताकद द्यायची, हा त्या शाखेचा आग्रह. लेखनवर्गामागे मला तोच दिसतो.

गोड शेवटाविषयी. फिलिपिन्समध्ये मुस्लिम नागरिकांसाठीचा 1977 चा स्वतंत्र कायदा वगळता घटस्फोटाची तरतूद नाही. विवाह रद्द ठरवून घेता येतो, पण ती प्रक्रिया खर्चिक आणि लांबलचक आहे. मे 2024 मध्ये प्रतिनिधीगृहाने घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले, तरी सिनेटमध्ये ते पार पडले नाही. जिथे चुकीच्या निवडीतून बाहेर पडण्याची वाट इतकी अरुंद आहे, तिथे नायिका नायकाला पारखून घेते, नकार देते, पुन्हा विचार करते आणि मगच होकार देते, या साऱ्याला जे वजन येते, ते आपल्याला परीकथेसारखे वाटणे बरोबर नाही. शेवट ठाऊक असला, तरी त्या होकाराची किंमत काय हे ठाऊक नसते, आणि वाचक त्यासाठीच वाचतो.

काकोडकरांविषयी एवढेच सांगते, की ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील त्यांच्या एका कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरवले होते आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, समाजाची मापे बदलत आहेत हे नमूद करून, तो निकाल फिरवला. त्यांची गणना साहित्यात होत नाही हे आपले निरीक्षण खरे आहे. ती का होत नाही, हा प्रश्न वाचनालयांतून त्यांची पुस्तके नेणाऱ्या असंख्य वाचकांना कोणी विचारला नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि ज्या मुद्द्याशी मी सहमत आहे तो असा : एस्गेरा यांच्या कादंबऱ्या लहान आहेत, आणि काही ठिकाणी नायक-नायिकेतील पेच उकलण्याची घाई झाली आहे, असे आपण म्हटले आहे. ते मलाही जाणवते. विशेषतः घरच्यांच्या विरोधाचा प्रश्न एखाद्या संभाषणात मिटतो तेव्हा आणखी पन्नास पाने हवी होती असे वाटते. आपण फक्त माझा लेख वाचून मत बनवल्याचे लिहिले आहे, म्हणून विनंती करते, की त्यांची फिलिपिनो दैवतांवरची त्रयी नंतरसाठी ठेवून आजच्या मनिलात घडणारी एखादी छोटी कादंबरी आधी वाचा. किंडलवर ती भारतातूनही घेता येते, आणि आपले मत वाचल्यानंतरही हेच राहिले, तर ते इथे अवश्य लिहा.