शेण पाहणाऱ्या घरात मांजरीची शी कोणी पाहत नाही

आमच्या मामंजींना सकाळी गोठ्यात पाय ठेवला की बैलाची तब्येत कळायची. पो पातळ पडला की पहिला प्रश्न, काल चारा कोणी टाकला? बैलानं रवंथ करणं थांबवलं तर त्या दिवशी त्याला औताला जुंपायचे नाहीत, मग वखरणी राहिली तरी चालेल. अशा घरात तेरा वर्षांच्या मांजरीचं पोट दहा दिवस बिघडलेलं होतं आणि आम्हा चौघांपैकी एकालाही ते कळलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

चिंगी 2012 च्या तान्ह्या पोळ्याला घरी आली. दोन वर्षांची असताना गावातल्या कुत्र्यांनी तिला मागच्या पायाला धरलं. तेव्हापासून ती घरातच असते. माजघर, धान्याची खोली आणि कूलरसमोरची चटई एवढंच तिचं जग. शी-शूसाठी न्हाणीच्या कोपऱ्यात बांधकामाच्या वाळूचं घमेलं ठेवलेलं. आमच्या हिंगणघाटकडे मांजर घरात कोंडून ठेवतात म्हटलं की लोक हसतात, पण रस्त्यावरची कुत्री पाहिली की मला हसू येत नाही.

मे महिन्यात ती घमेल्यात जास्त वेळ बसायला लागली. बसायची, उतरायची, पुन्हा चढायची. उतरली की कोपऱ्यात जाऊन थोडं पिवळं पाणी ओकायची. सासूबाई म्हणाल्या, "म्हातारी झाली व ते. आता असंच रायते." मलाही ते पटलं, कारण सोपं होतं. मग एक दिवस वाळूवर पातळ, तपकिरी शिंतोडे दिसले. जुलाब लागले समजून आम्ही दही-भात सुरू केला आणि दूध तेवढं बंद केलं. मेडिकलमधून माणसांची जुलाब थांबवायची गोळी आणून अर्धी द्यावी, असंही घरात ठरत आलं होतं. तेवढी अक्कल देवानं शाबूत ठेवली.

कारण ते जुलाब नव्हतेच. आतड्यात शी इतकी वाळून बसली होती की तिच्या बाजूनं फक्त पाणी झिरपत होतं. नाली तुंबली की गाळ आत राहतो आणि पाणी कडेनं वाहतं, तसं. आम्ही शिंतोडे पाहिले आणि त्याच वाळूत दोन दिवसांआधीच्या शेळीच्या लेंड्यांसारख्या कडक गोळ्या होत्या, त्या पाहिल्या नाहीत. जुलाब थांबवायची गोळी दिली असती तर जे तुंबलं होतं ते आणखी घट्ट बसलं असतं.

शंका आली ती वजनावरून. उचलली तर हाताला पाठीचा मणका न् मणका लागला. किराणा दुकानात पिशवीत घालून काट्यावर ठेवली. दुकानदार म्हणे, "वहिनी, हिचा भाव काय लावू?" काटा 3 किलो 100 ग्रॅमवर थांबला. दिवाळीत याच काट्यावर ती 4 किलो 200 ग्रॅम होती, तेव्हा गंमत म्हणून ठेवली होती. किलोभर म्हणजे तुम्हाआम्हाला काही वाटत नाही, पण मांजरीचं ते चौथाई अंग गेलं. लांब केसांची नसली तरी तिच्या अंगावर इतके केस की डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून म्हणते, घरात म्हातारी मांजर असेल तर महिन्यातून एकदा वजन करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तिथंच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ताई, माझ्याकडे मांजर क्वचित येते. रक्त तपासायला लागते, एक्स-रे लागते. नागपूरला न्या." मला ते आवडलं. आमचे सरकारी दवाखाने गाई-म्हशींच्या हिशेबानं चालतात, त्यांच्याकडून मांजरीच्या किडनीचा तपास होईल ही अपेक्षाच चूक. पण जनावरांसाठीचा सरकारी मदतीचा नंबर आहे ना, 1962, त्याला फोन करायचं आपल्यालाच सुचतं ते गाईसाठी. मांजरीसाठी विचारलं तर लोक काय म्हणतील, हे आधी मनात येतं.

आंब्याच्या पेटीत जुनं लुगडं अंथरून एसटीनं पाऊणशे किलोमीटर गेलो. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रेमध्ये तिचं मोठं आतडं शेंगदाण्याच्या पोत्यासारखं ठासून भरलेलं दिसलं. रक्तात निघालं की किडनी थकली आहे. तिथं मला पहिल्यांदा साखळी कळली. किडनी पाणी धरून ठेवत नाही, लघवीवाटे पाणी जास्त जातं, शरीर मग शीमधलं पाणीसुद्धा ओढून घेतं, आणि शीचा दगड होतो. त्यात आमचा मे महिना. शिवाय मागच्या पायांचे सांधे दुखतात. घमेल्याचा काठ चढायला जड जातं, म्हणून ती शी दाबून ठेवायची. आम्ही वयाला बोल लावत होतो आणि अर्धा दोष घमेल्याच्या काठाचा होता.

त्यांनी तिला गुंगी देऊन कोमट पाण्यानं एनिमा दिला, कातडीखाली सलाईन लावलं. एनिमा घरी करायच्या भानगडीत कोणी पडू नका. मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा तयार फॉस्फेटचा एनिमा मांजरीचा जीव घेतो. पॅरासिटामॉलचंही तेच, एक गोळीसुद्धा पुरते. आणि तोंड धरून एरंडेल ओतायची आपल्याकडची जी रीत आहे, त्यात तेल पोटाऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतं. घरी द्यायला लॅक्टुलोज, म्हणजे शी मऊ करायचं औषध मिळालं, ते माणसांचंच औषध आहे, पण मात्रा त्यांनी तिच्या वजनावर काढून दिली.

दुसरा गैरसमज ओकारीचा. "मांजर ओकतेच" असं आपण धरूनच चालतो. कधीमधी केसांचा गोळा पडला तर ठीक. दर आठवड्याला ओकत असेल तर ती सवय नाही, दुखणं आहे. भसाभस खाते आणि तरी वाळते, तर थायरॉइड असू शकतो. अजिबात खात नसेल तर दोन-तीन दिवस वाट पाहत बसू नका, उपाशी मांजरीच्या, त्यातून ती जाडी असेल तर, लिव्हरमध्ये चरबी साचते आणि मग मूळ दुखणं बाजूला राहतं. शी डांबरासारखी काळी किंवा रक्ताची दिसली तर त्याच दिवशी निघा. आणि बोका जर घमेल्यात कुंथत असेल तर आधी वाळू ओली झाली का ते पाहा. लघवी अडली असेल तर सकाळची संध्याकाळ करायची नाही.

आपल्या भागात आणखी एक. घरोघरी कापूस, आणि दुपारी बायका वाती वळत बसतात. सुताचा तुकडा मांजरीनं गिळला आणि त्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं ना, आत आतडं तसंच गोळा होतं आणि चिरतं.

आता घरात काय बदललं? घमेलं गेलं. ह्यांनी एक उथळ प्लास्टिकचा टब एका बाजूनं कापून काठ जमिनीला टेकवला. (फवारणीची रिकामी कॅन कापू नका, धुतली तरी नाही.) पाण्याच्या तीन वाट्या तीन ठिकाणी, त्यातली एक माठाशेजारी, आणि ती नेमकी तीच पिते. कोंबडीचं शिजवलेलं मांस, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, वर भरपूर पाणी. चमचाभर उकडलेलं कोहळं (लाल भोपळा) डॉक्टरांना विचारून सुरू केलं, दोन दिवस तोंड फिरवलं, आता खाते. दूध बंदच, मोठ्या मांजरीला ते बहुधा पचत नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. चोरून बशी ठेवतात, मला माहीत आहे, आणि टबातल्या वाळूवरून मला लगेच कळतंही.

खर्च किती आला ते सगळे विचारतात. सोयाबीनच्या एका पोत्याला बाजारात मिळतात तेवढे पैसे गेले, प्रवास धरून. "मांजरीवर एवढे?" म्हणणारे भेटले. बैलावर केले असते तर कोणी विचारलं नसतं, तो कमावतो म्हणून. मान्य. पण धान्याच्या खोलीत तेरा वर्षांत मला उंदराचं औषध ठेवावं लागलेलं नाही, तो हिशेब कोण धरणार?

सध्या वजन 3 किलो 400 आहे. येत्या सोमवारी पुन्हा रक्त तपासायला न्यायचं आहे. हिंगणघाटहून सकाळी कोणाची गाडी नागपूरला जाणार असेल तर सांगा, पेट्रोलचे देईन. मागच्या वेळी ती वाटेतल्या जाम गावापर्यंत एकसारखी ओरडली आणि कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेला हिचं तिकीट काढजा."