‘गेट कार्टर’ १९७१ च्या समीक्षकांना कळला नव्हता?

ब्रिटिश गुन्हेगारीपटांचा विषय निघाला की ‘गेट कार्टर’बद्दल एक कहाणी हमखास सांगितली जाते. १९७१ साली माइक हॉजेस या नवख्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट आला, समीक्षकांना तो कळलाच नाही, त्यांनी तो झोडपला, चित्रपट पडला. पुढे नव्वदच्या दशकात तरुण पिढीने तो शोधून काढला आणि अभिजात ठरवला. या कहाणीमुळे त्या काळच्या समीक्षकांवर अन्याय होतो, आणि त्याहून जास्त अन्याय या चित्रपटावर होतो.

आधी ‘नवख्या’बद्दल. चित्रपटगृहासाठी हॉजेसचा हा पहिलाच चित्रपट, एवढं खरं. पण त्याआधी ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात त्याने काम केलं होतं, आणि थेम्स टेलिव्हिजनसाठी ‘सस्पेक्ट’ व ‘रूमर’ हे दोन थरारपट लिहून दिग्दर्शित केले होते. छायालेखक वोल्फगांग सुशिट्झ्की तर साठीकडे झुकलेला आणि माहितीपटांत मुरलेला. दारूचे गुत्ते, घोड्यांच्या शर्यती, बिंगो हॉल इथली माणसं टेलिफोटो भिंगातून, लांबून टिपलेली दिसतात, ती या दोघांच्या सवयीमुळे. टेड लुइसच्या मूळ कादंबरीतलं पोलादाचं निनावी शहर सोडून हॉजेसने कथा ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकासल-गेट्सहेडला नेली. नौदलातल्या सक्तीच्या सेवेत ईशान्य किनाऱ्यावरच्या बंदरांमधलं दारिद्र्य त्याने पाहिलं होतं. शिवाय १९६७ मध्ये त्याच भागात स्लॉट मशीनच्या धंद्यातल्या एका माणसाचा खून गाजला होता. चित्रपटातल्या किनियर या गुंडाच्या बंगल्याचं चित्रीकरण त्याच धंद्यातल्या एका बड्या असामीच्या घरात झालं आहे. कुणा होतकरू पोराला हे नशिबाने साधलं, असं म्हणणं म्हणजे त्यामागचा सगळा अभ्यास पुसून टाकणं.

‘चित्रपट पडला’ हे ब्रिटनपुरतं तरी चूक आहे. तिथे त्याने चांगला धंदा केला. अमेरिकेत मात्र तो फारसा चालला नाही. तरीही एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीने पुढच्याच वर्षी तीच कथा कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘हिट मॅन’ नावाने पुन्हा पडद्यावर आणली.

आता मुख्य मुद्दा, समीक्षकांचा. ‘सगळ्यांनी झोडपला’ हे खरं नाही. शिकागोत समीक्षक रॉजर ईबर्टला तो आवडला होता. किनियरचा हस्तक एरिक याची भूमिका करणाऱ्या इयन हेंड्रीला सहायक अभिनेत्यासाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं. टीका झाली हेही खरं, आणि ती जहाल होती. पण ती कशाबद्दल होती? ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात समीक्षक पॉलीन केलने चित्रपटाला निर्दय आणि आत्माहीन म्हटलं, पण ते म्हणताना त्यातली कारागिरी पहिल्या दर्जाची असल्याचं ती नाकारत नव्हती. ब्रिटनमधल्या बऱ्याच समीक्षकांनाही चित्रपटातला थंडपणा बोचला. मला यात गैरसमज कुठेच दिसत नाही. चित्रपट थंडच आहे. जॅक कार्टर भावाच्या मृत्यूचा छडा लावायला रेल्वेने उत्तरेकडे येतो, आणि त्याच्या हातून होणारे खून चित्रपट कसलीही हळहळ न दाखवता नोंदवत जातो. कार्टरची भूमिका करणाऱ्या मायकल केनला हेच हवं होतं: ब्रिटिश पडद्यावरचे गुंड तोवर एकतर मठ्ठ असत नाहीतर विनोदी, आणि खरे गुंड तसे नसतात हे त्याला ठाऊक होतं. अस्वस्थ झालेल्या समीक्षकाने चित्रपट नीट पाहिला होता. आपल्याला काय खटकलं ते त्याने सांगितलं, आणि जे खटकलं ते खरोखरच पडद्यावर होतं.

मग ‘नव्वदच्या पिढीने खरा अर्थ शोधला’ या दाव्याचं काय? चित्रपटाची प्रतिष्ठा त्या दशकात वाढली, हे मान्य. १९९९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सर्वोत्तम शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत सोळावा आला. पण त्या लाटेतल्या बऱ्याच चाहत्यांना भावला तो केनचा सूट, त्याची बंदूक आणि त्याचे टोकदार संवाद. संगीतकार रॉय बडच्या संगीतावरही ते लुब्ध होते, आणि ते योग्यच आहे. हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या जोडीला क्रिस कॅरनचा तबला आहे त्यात, आपल्या कानांना तो पहिल्या काही क्षणांतच ओळखू येतो. पण या सगळ्या कौतुकात जॅक कार्टर हा मिरवायचा नायक झाला. चित्रपट त्याला तसं कुठेच मानत नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच त्याचा मारेकरी रेल्वेच्या त्याच डब्यात बसलेला आहे. शेवटी ब्लॅकहॉलच्या किनाऱ्यावर, जिथे कोळसा खाणीचा कचरा हवाई तारेवरच्या पाळण्यांतून समुद्रात ओतला जातो, तिथे कार्टर एरिकला मारून हसतो आणि दुसऱ्याच क्षणी स्वतः गोळी खाऊन पडतो. सूड पुरा झाल्याचं समाधान चित्रपट प्रेक्षकाला मिळूच देत नाही. हे १९७१ च्या रागावलेल्या समीक्षकांना नव्वदच्या चाहत्यांपेक्षा जास्त उमगलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

‘जुन्या समीक्षकांचे आक्षेप आता कालबाह्य झाले’ असंही सोबत म्हटलं जातं. हिंसेबद्दलचे झाले असतील, आज त्याहून कितीतरी रक्त पडद्यावर सांडतं. बायकांच्या चित्रणाबद्दलचा आक्षेप मात्र जागेवरच आहे. किनियरची मैत्रीण ग्लेंडा गाडीच्या डिकीत कोंडलेली असते, गाडी पाण्यात ढकलली जाते, आणि कार्टर नुसता बघत राहतो. भावाची प्रेयसी मार्गारेट हिला तो स्वतः सुई टोचून मारतो. पुतणीवर झालेला अत्याचार पाहून रडणारा हा माणूस इतर बायकांना वस्तूसारखं वापरतो. हॉजेसला हा विरोधाभास दाखवायचा होता, असं माझं वाचन आहे. पण त्या बायकांना मरणापलीकडे चित्रपटात फारशी जागाच दिलेली नाही, आणि त्याला उत्तर ना दिग्दर्शकाच्या हेतूत सापडतं, ना यादीतल्या सोळाव्या क्रमांकात.