आरओचं पाणी प्यायला ठेवा, पीसीत ओतू नका

"लिक्विड कूलिंगचा पीसी तापतोय? दुकानात पैसे घालवू नका, हे ५ घरगुती उपाय करा." हा मेसेज आठवडाभर फिरतोय. आज तो भाच्याने पाठवला, खाली प्रश्न: "मामा, गाडीचं कूलंट घरात आहे, तेच भरू का?" नको रे बाबा. स्क्रूड्रायव्हर खाली ठेव आणि आधी हे वाच.

सगळ्यात घातक उपाय दुसरा, म्हणून तोच आधी घेतो: "दर ६ महिन्यांनी रेडिएटरचा स्क्रू उघडून आरओचं पाणी किंवा गाडीचं कूलंट भरा."

बहुतेक एआयओ कूलर (पंप, पाइप, रेडिएटर सगळं एकत्र जोडलेले) कारखान्यातच भरून सील केलेले असतात. आत पाण्यासोबत ग्लायकॉल, गंजरोधक आणि शेवाळ धरू नये म्हणून बायोसाइड असतं. गंजरोधक लागतोच, कारण प्रोसेसरवर बसणारी प्लेट तांब्याची आणि रेडिएटर सहसा ॲल्युमिनियमचा. दोन धातू एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. तो गाळ तांब्याच्या प्लेटवरच्या पन्हळींत जाऊन बसतो. तिथली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे चिमूटभर गाळही पुरे.

आता आरओचं पाणी. आरओ म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. त्यात क्षार उरतातच, वर मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल तर चवीसाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. गाडीचं कूलंट मोठ्या पंपासाठी बनवलेलं असतं. ते पाण्यापेक्षा दाट असल्याने कूलरच्या इवल्याशा पंपाला जड जातं, आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. शिवाय त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर उघडी बाटली ठेवूच नका. भरताना आत हवा राहते ती वेगळीच, आणि ओघळ आला तर तो थेट खालच्या ग्राफिक्स कार्डवर. वॉरंटी तर स्क्रू फिरवला तेव्हाच गेली.

बरं, अर्धं खरं आहे तेवढं मान्य करतो. पाइपांच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी थोडं थोडं उडून जातं. बी क्वाएट कंपनीच्या प्युअर लूपसारख्या काही मॉडेल्सना म्हणूनच भरायला वेगळं तोंड आणि सोबत कूलंटची बाटली असते. तिथे तेच भरा. आणि कारखान्याच्या कूलंटमध्येही गाळ होऊ शकतो: २०२१ मध्ये एमएसआयच्या कोअरलिक्विड २४०आर आणि ३६०आर मॉडेल्समध्ये तो झालाच होता. उपाय काय, तर कंपनीकडून कूलर बदलून घेणं. आरओ नव्हे.

पहिला उपाय म्हणे "८० अंशांच्या वर प्रोसेसर जळतो, लगेच बंद करा." एएमडीच्या स्वतःच्या माहितीपत्रकात रायझन ७ ७७००एक्सची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस दिली आहे. इंटेल कोअर आय९-१४९००केची १००. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, त्याहूनही वर गेला तर पीसी बंद पडतो. नुसत्या आकड्याला घाबरू नका, तो कसा चढतो ते बघा.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) १० मिनिटं चालवा. काही सेकंदांतच आकडा मर्यादेला भिडला, तर दोष प्लेटपाशी किंवा पंपात: प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली, स्क्रू सैल आहेत, एलजीए १७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डावर जुन्या सॉकेटचे स्टँडऑफ, म्हणजे कूलर ज्यांवर कसतात ते खांब, लावलेत, किंवा पंप फिरतच नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी सेटिंग) पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, बघा, पंप पूर्ण वेगावर ठेवा. मग दोन्ही पाइपांना हात लावा. चालू पंपात दोन्ही जवळपास सारखेच कोमट लागतात. एक चांगलाच गरम आणि दुसरा थंड असेल, तर पाणी फिरत नाहीये. हे सगळं ठीक असून आय९ तापतोय? मग पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर किती वीज खातोय ते, बघा. काही बोर्ड विजेची मर्यादाच उठवून ठेवतात. बायोसमध्ये ती २५३ वॉट करा.

आकडा हळूहळू, १०-१५ मिनिटांत चढत असेल तर रेडिएटर बघा. पंखे सोडवल्याशिवाय पंखा आणि जाळी यांच्यामध्ये बसलेला धुळीचा नमदा दिसतच नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

"रेडिएटर कुठेही, कसाही लावा" हेही चूक. पाण्यातली हवा सगळ्यात उंच जागी जमते, तिथे पंप नको. रेडिएटर वर लावणं उत्तम. समोर लावला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. केसच्या (कॅबिनेटच्या) तळाशी नको, मग गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो.

"दर महिन्याला भरपूर पेस्ट" (प्रोसेसर आणि प्लेटमध्ये लावतात ती थर्मल पेस्ट) कशाला? वाटाण्याएवढा थेंब, मोठ्या प्रोसेसरला फुलीच्या आकारात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि २-३ वर्षं विसरा.

राहिला "साइड काढून समोर डेझर्ट कूलर". साइड काढून तापमान उतरलं तर केसमध्ये हवा खेळत नाही एवढं कळतं, निदानापुरतं ठीक. पण डेझर्ट कूलरची दमट हवा आतल्या धुळीचा लगदा करते. आणि नागपुरात खोलीच ४२ अंशांवर असेल तर कूलंट त्याच्या खाली जाणारच नाही, मग ब्रँड कोणताही असो.

भाच्या, आधी पंपाचा आरपीएम काय दिसतो तो कळव.