गुंतवणूक थांबवण्याचा सल्ला पटला नाही

'मुले असताना पुन्हा महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांनी पदवी हाती येईपर्यंत सर्व गुंतवणूक थांबवावी, पुढे वाढीव पगारातून ती भरून काढता येते,' हे लेखातील विधान मला मान्य नाही. सोलापुरात चादरींच्या एका पेढीत हिशेब लिहीत मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते आहे, आणि रात्री मुलाच्या गणिताच्या वहीशेजारी माझे परिव्यय लेखांकनाचे पुस्तक उघडते तेव्हा गुंतवणुकीचा महिन्याचा हप्ता बंद करण्याचा मोह मलाही होतोच. परंतु सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी (पीपीएफ) या सरकारी बचत योजनेच्या खात्यात वर्षाला किमान 500 रुपये भरले नाहीत, तर ते खाते खंडित होते, त्यावर कर्ज किंवा अंशतः रक्कम काढण्याची सोय राहत नाही आणि ते पुन्हा सुरू करताना प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे 500 रुपये व त्यावर 50 रुपये दंड भरावा लागतो. रक्कम कमी करणे आणि ती शून्यावर आणणे यांत एवढा फरक आहे.

शिवाय वाढीव पगार गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते. आमच्या बाजारपेठेत पदवीमुळे काम बदलते, पगार मात्र मालकाच्या मर्जीनेच वाढतो. लेखकाने शुल्काचा हिशेब चोख मांडला आहे, पण परीक्षेच्या काळात बुडणाऱ्या जादा कामाच्या पैशांचा त्यात उल्लेखच नाही, आणि माझ्या घरात तोच खर्च शुल्कापेक्षा अधिक जाणवतो.