शेजारी उभा होता ना? मग झालं तर!

आमदारकीच्या मतदानाला दोन दिवस उरलेत, आपल्या उमेदवाराकडे सांगण्यासारखं काम नाही आणि समोरच्याविरुद्ध एक धड गुन्हा सापडत नाही? काळजी नको. गुन्हा त्यानेच करायला हवा असं कुठे आहे? करणाऱ्याच्या शेजारी तो कधीतरी उभा राहिला असेलच. या राज्यात राजकारण करायचं म्हणजे लग्नं, दहावे, वास्तुशांती, बारशी. एवढ्या मांडवांतून एकही बदमाश हाती लागला नाही तर शोधणाऱ्याचंच नशीब फुटकं.

गेले पंधरा दिवस सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या वेळा कमी आणि फोटोंतल्या चेहऱ्यांभोवतीची लाल वर्तुळं जास्त दिसताहेत. त्यांतली निम्मी कच्च्या हाताची. म्हणून हा थोडा क्लास.

फोटो शक्यतो लग्नातला घ्या. स्टेजवर रेटारेटी असते, फोटोग्राफर ‘साहेब, अजून एक’ म्हणत असतो आणि साहेब सवयीने शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकतात. तो शेजारचा कोण, हे साहेबांनाही ठाऊक नसतं. तो हात हाच आपला माल. आता कातरकाम. आधी नवरा-नवरी उडवा. मग मागची थर्माकोलची अक्षरं. ‘शुभविवाह’मधलं नुसतं ‘शुभ’ जरी डोक्यावर राहिलं तरी गुप्त बैठकीचा सगळा रंग जातो. फेटा असेल तर तो फोटो सोडूनच द्या, फेटा बांधून कोणी कट रचत नाही. फ्रेम छातीपर्यंतच ठेवा, कारण खाली हातात सत्काराचा नारळ असतो. केसांत आणि खांद्यावर रंगीत अक्षता अडकलेल्या असतात, त्या एकेक करून पुसाव्या लागतात. नवशिके इथेच कंटाळतात. सगळ्यात धोक्याच्या त्या कडा. कडेला एक कोपर उरतं, त्याच्या मनगटात सोन्याचं कडं असतं, आणि ते कडं आपल्याच नेत्याचं आहे हे पोस्ट गावभर फिरल्यावर कळतं. तेव्हा आधी कडं ओळखा. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, कुठलंही लग्न पोलिसांच्या फायलीतलं दिसायला लागतं. लाल वर्तुळं दोनच. तिसरं काढलंत की लोक तिसरा कोण यातच अडकतात. तारीख लिहायची नाही. फोटो २००९ चा आणि त्या माणसावरचा पहिला गुन्हा २०१६ चा, हा हिशेब आपण होऊन कोणी करत नाही. तारीख दिलीत तर एखादा रिटायर्ड बँकवाला करेल. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइलमधली तारीख-वेळ वाटेतच गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणारा कार्यकर्ता आधी बदला.

खाली विधान नको, प्रश्न हवा. “हे नातं काय म्हणतं?” लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या चारित्र्यावर जाणूनबुजून केलेलं खोटं विधान हे भ्रष्ट आचरण ठरतं. प्रश्नचिन्ह टाकलं की विधान उरत नाही, अशी आपल्याकडे गाढ श्रद्धा आहे. आणि समजा नसलीच खरी, तरी निवडणूक याचिका दाखल करायची निकालानंतर, ४५ दिवसांच्या आत. ती पुढे किती वर्षं चालते ते तुम्हाला माहीत आहे.

वेळ शेवटच्या ४८ तासांतली. जाहीर प्रचार बंद, त्यामुळे त्याला सभा घेऊन खुलासा करता येत नाही. फोन काही बंद नसतात.

बनावट फोटोच्या नादी मात्र लागू नका. १९५० साली अमेरिकेत मेरीलँडचे सिनेटर मिलार्ड टायडिंग्ज निवडणुकीला उभे होते. सरकारी खात्यांत कम्युनिस्ट घुसलेत असा आरोप करणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थींच्या त्या आरोपांची चौकशी टायडिंग्जच्याच समितीने केली होती, त्याचा मॅकार्थींना राग होता. प्रचाराच्या पत्रकात फोटो आला: टायडिंग्ज कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांचं बोलणं कान देऊन ऐकताहेत. दोन वेगळे फोटो जोडलेले, आणि तसं खाली छापलेलंही होतं! वाचतो कोण? टायडिंग्ज पडले. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने ताशेरे ओढले, पण निवडून आलेले जॉन मार्शल बटलर १९६३ पर्यंत खुर्चीवर होते. म्हणजे बनावटही खपतं, फक्त चौकशीची कटकट. खऱ्या फोटोची चौकशी कशाची करणार? २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना डीपफेक तीन तासांत काढायला सांगितलं. लग्नातला फोटो किती तासांत काढायचा, यावर काही नाही.

फोटो नसेल तर नातं: आरोपीच्या मेव्हण्याचा साडू. तीन कड्यांवर थांबा, चौथीला माणूस आपल्याच घरात पोचतो.

नातं नसेल तर आडनाव.

आडनाव जुळत नसेल तर गाव.

वाढदिवसाचे फ्लेक्स जपून ठेवा. वर मोठे चेहरे, खाली टिकल्यांएवढे पन्नास शुभेच्छुक, निम्मे न विचारता फ्लेक्सवाल्याने जुन्या फाइलमधून उचललेले. पन्नासांतला एक आत गेला की वरचे सगळे ‘पाठीराखे’.

आणि पक्षप्रवेश झाला की जुनी पोस्ट आठवणीने डिलीट करा. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यानंतर इथे कोण कोणाच्या शेजारी बसलेला नाही? काल ज्याच्याभोवती लाल वर्तुळ होतं त्याला आज तुम्हीच हार घालताय, आणि वर्तुळ काढणारा पोरगा तोच आहे! त्याला विचारा, आधीचं खोटं होतं की आत्ताचं. तो म्हणेल, वरून आलं होतं.

वरून आलं. बरं. पण तुम्ही खाली का ढकललंत? तुम्ही इंजिनिअर, तुम्ही शिक्षक, तुम्ही पाच रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी चारदा उलटून बघणारे. उमेदवाराचं फॉर्म २६ मधलं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या साइटवर फुकट असतं. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलम, आरोप निश्चित झाले की नाही, सगळं त्याने स्वतः शपथेवर लिहिलेलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितलंय की गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट का दिलं ते ४८ तासांत जाहीर करा, आणि नुसतं ‘निवडून येईल’ हे कारण चालणार नाही. ते कारण एकदा तरी वाचलंत? ज्याच्यावर खरोखर खटले आहेत तो तुमच्याच पक्षाच्या हँडबिलावर हात जोडून हसतोय, आणि तुम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर कोणाचा हात आहे ते मोजताय. लाज वाटू द्या थोडी.

आणि आज सकाळचा तो फोटो, हळदीकुंकवाच्या ग्रुपवरही टाकलात म्हणे. झूम करा. डाव्या खांद्यावर अक्षता आहेत. लग्न आहे ते, लग्न. काढा आधी.